मिरासदार आणि उपरी

उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनींच्या मोजण्या, वाटण्या, जप्त्या आणि फेरफार करण्यात घालविलेल्या अधिकाऱ्याच्या वाट्याला सेवानिवृत्तीनंतर जेव्हा स्वतःच्या मालकीची दोन-अडीच गुंठे मोकळी जागा येते, तेव्हा तो तिच्यात बाग करतो की महसूल खात्याची एक नवी कचेरी उघडतो, हे कुंपणाबाहेरून पाहणाऱ्याला सहसा उमगत नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त मामलेदारसाहेबांच्या बाबतीत तर हा भेद त्यांना स्वतःलाही उमगला आहे की नाही, याविषयी मला शंका आहे. सकाळी सहाच्या ठोक्याला कानटोपी घालून ते बागेत उतरतात, तेव्हा त्यांच्या हातात झारी किंवा खुरपे असावे अशी आपली भाबडी अपेक्षा असते. प्रत्यक्षात असते ती कापडी बांधणीची, उभ्या रकान्यांची आणि लाल शाईने समास आखलेली वही. बागेतल्या प्रत्येक झाडाचे तीत स्वतंत्र खाते आहे. झाडाचे नाव, मूळ गाव, कबजा मिळाल्याची तारीख, उत्पन्नाचा हंगाम आणि शेरा असे तिचे रकाने असून, त्यांपैकी 'मूळ गाव' या रकान्यात कोठे 'चिपळूण, मेहुण्यांकडून', कोठे 'रोपवाटिका, रोख' आणि निदान अर्ध्या ठिकाणी नुसते 'रस्त्याने जाताना' एवढेच लिहिलेले आढळते. या शेवटच्या नोंदीचा अर्थ मी त्यांना विचारलेला नाही. परक्याच्या कुंपणाबाहेर डोकावणारी फांदी सायंकाळच्या फेरफटक्यात हळूच मोडून घेणे हे कृत्य कोणत्या कलमाखाली येते, ते माझ्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असणार.

शेऱ्यांचा रकाना मात्र वाचनीय आहे. अनंताच्या खात्यावर 'कळ्या धरून गाळतो, सबब समज दिली' असा शेरा आहे. जुईच्या खात्यावर 'सुधारणा दिसते' असा आहे. आणि कुंपणाच्या कोपऱ्यातल्या गुलबाक्षीला आरंभी 'हजेरी वेळेवर नाही' असा जो प्रतिकूल शेरा मिळाला होता, तो पुढे साहेबांनी स्वहस्ते खोडलेला दिसतो. कारण असे की ही बाई दिवसभर मिटून बसते आणि दुपारी चारच्या पुढे, म्हणजे कचेऱ्या सुटण्याच्या बेतात असताना, आपले दुकान उघडते. एका रात्री झोप न आल्यामुळे साहेब विजेरी घेऊन बागेत गेले असता त्यांना ती पूर्ण उमललेली आणि तिच्या लांब नळ्यांमध्ये सोंड घालून बसलेला एक पतंग दिसला, तेव्हा 'रात्रपाळी' असा नवा शेरा मारून त्यांनी प्रकरण निकालात काढले.

मोगऱ्याच्या बाबतीत साहेबांचे धोरण कठोर आहे, आणि खेदाने सांगावे लागते की ते यशस्वीही आहे. मार्गशीर्षात ते मोगऱ्याचे पाणी तोडतात. पौषात त्याची उरलीसुरली पाने हातांनी ओरबाडून काढतात, माघात फांद्या छाटतात, मुळांभोवतीची माती उकरून ती चार दिवस उन्हाला दाखवितात, आणि हा सगळा छळ सोसून त्या काड्यांमध्ये प्राण उरला असल्याची खात्री पटली म्हणजे मग दोन पाट्या शेणखत घालून पाण्याचा हप्ता मंजूर करतात. मामलेदारीणबाई मनाने हळव्या असल्यामुळे त्या दोन महिन्यांत बागेच्या त्या अंगाला फिरकत नाहीत. "सुखात ठेवलेलं कूळ सारा भरत नाही," असे साहेब त्यावर म्हणतात. आणि कुळांच्या संदर्भात हे विधान कितीही निषेधार्ह असले तरी मोगऱ्याच्या संदर्भात ते शास्त्रशुद्ध आहे, कारण मोगऱ्याची फुले नव्या फुटव्याच्या टोकाला येतात आणि बारमाही पाणी पिणारा मोगरा नुसता पानांनी गलेलठ्ठ होतो. चैत्र उजाडतो आणि वसुलीला प्रारंभ होतो. सायंकाळी, ऊन उतरून भिंती अद्याप तापलेल्या असताना, टपोऱ्या झालेल्या पण न उमललेल्या कळ्या देठाशी नखाने खुडायच्या, ओल्या फडक्यात घालायच्या, त्यांतल्या दोन माठात टाकायच्या, गजऱ्यापुरत्या वेगळ्या काढायच्या आणि राहिलेल्या देवासाठी तांब्याच्या ताम्हनात ठेवायच्या, हा मामलेदारीणबाईंचा क्रम. साहेब त्या वेळी बाजूला उभे राहून मोजदाद करतात. वैशाखात त्यांच्या घरी पाणी पिणाऱ्या पाहुण्याने मोगऱ्याच्या वासाची तारीफ केली तर साहेबांचा चेहरा असा उजळतो की सक्तीच्या वसुलीतही काही काव्य असू शकते, असे घटकाभर वाटून जावे.

पावसाळा लागला की मात्र हा सगळा बंदोबस्त ढिला पडतो. बिनपरवाना वस्ती करणाऱ्यांचा हा हंगाम. तेरडा कोणी लावीत नाही. गेल्या वर्षीच्या तेरड्याने जाण्यापूर्वी आपली व्यवस्था स्वतःच करून ठेवलेली असते. त्याच्या पिकलेल्या, फुगीर, लवदार बोंडाला बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी ते तडकून आतल्या बाजूला वळते आणि बिया हातभर अंतरावर उधळते. साहेबांनी एकदा ही बोंडे हवाली करून घेण्याच्या हेतूने वाटी धरली असता वाटीत दोन आणि कानटोपीत बाकीच्या बिया दाखल झाल्या, असे पाहणारे सांगतात. त्याचा रंग तीन दिवस टिकतो असे सांगणारी जी म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत आलो आहोत, ती रचणाऱ्याने तेरडा अंगणात कधी पाहिला नसावा. तो बापडा श्रावणभर फुलत राहतो आणि भाद्रपदात कोकणातल्या घरोघरी साक्षात गौर म्हणून त्याची रोपे आणली जातात. मुळासकट उपटले जाण्यातही एवढा मान असू शकतो, हे सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला सहसा पटत नाही.

याच सुमारास आघाडा, माका, डोरली, धोत्रा, रुई ही मंडळीही कुंपणाच्या कडेने माजतात. आघाड्याशी साहेबांचे जुने वैर आहे, कारण त्याचे काटेरी दाणे धोतराच्या सोग्याला चिकटून थेट देवघरापर्यंत येतात. आषाढापासून त्याच्या उच्चाटनाचे हुकूम सुटत असतात. परंतु गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी आळीतल्या बायका एकवीस पत्रींची यादी घेऊन फाटकाशी उभ्या राहतात आणि जो आघाडा काल तण होता तो आज पत्री होतो. साहेब स्वतः पुढे होऊन तो कोठे चांगला माजला आहे हे दाखवितात, आणि कोणी तारीफ केलीच तर तो आपण मुद्दाम राखून ठेवला होता, असेही सांगतात. एरवी गणपतीला वर्ज्य असलेल्या तुळशीलाही या एका दिवसापुरता प्रवेश मिळतो. दुसऱ्या दिवशी हुकूम पूर्ववत.

या बागेतला खरा दिवाणी दावा प्राजक्ताचा. झाड साहेबांच्या हद्दीत आहे. पण त्याचा कल, कोणी शिकविल्याप्रमाणे, आमच्या अंगणाकडे आहे, आणि भाद्रपदापासून पुढे रोज पहाटे त्याची निम्म्याहून अधिक फुले आमच्या फरशीवर पडलेली असतात. आता इतर कोणतेही फूल असते तर प्रश्न उद्भवला नसता. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही, असे आपले शास्त्र सांगते. प्राजक्ताला मात्र या नियमातून सूट आहे, किंबहुना ते पडल्याशिवाय फूल म्हणून रुजूच होत नाही. म्हणजे ज्या क्षणी ते पूजेला पात्र ठरते, त्या क्षणी ते आमच्या जमिनीवर असते. मामलेदारीणबाई पहाटे परडी घेऊन आमच्या फाटकातून आत येत, तेव्हा आमच्या कुटुंबाने हा मुद्दा प्रथम मोठ्या सौजन्याने, चहाच्या निमित्ताने, मांडला. साहेबांकडून उत्तर आले की खोड, मूळ आणि पाणीपट्टी ही तिन्ही आमच्याकडे असता उत्पन्नावर दुसऱ्याचा हक्क पोहोचतो कसा? त्यावर आमच्या कुटुंबाने थेट द्वारकेचा निवाडा पुढे केला. सत्यभामेने हट्ट धरला, भगवंतांनी इंद्राशी वैर पत्करून नंदनवनातला पारिजात आणला, तो सत्यभामेच्याच अंगणात लावला, आणि फुले पडू लागली रुक्मिणीच्या अंगणात. या दाव्यात झाड लावणाऱ्या पक्षाला अपिलाची मुभा मिळाल्याचा कोठे उल्लेख नाही. साहेबांना वरिष्ठ न्यायालयाविषयी उपजत आदर असल्यामुळे ते दोन दिवस बागेत दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा हुकूम आला. आमच्या अंगणात पडणाऱ्या फुलांपैकी निम्म्यांवर आमची वहिवाट मान्य करण्यात येत असून तशी नोंद 'इतर हक्क' या सदराखाली घेण्यात आली आहे. तथापि, जागेची साफसफाई ही जागामालकाची जबाबदारी असल्यामुळे सदर झाडाची पडणारी पाने मात्र सर्वच्या सर्व आमची राहतील.

हा हुकूम किती चतुराईचा होता, हे ज्याने प्राजक्ताची पाने झाडली आहेत त्यालाच कळेल. ती पानापानांनी पडत नाहीत, पानगळीच्या दिवसांत ढिगांनी पडतात, आणि अंगाला काचकागदाचा खरखरीतपणा असल्यामुळे फरशीला धरून बसतात. लिनियस नामक स्वीडिश पंडिताने 1753 साली या झाडाचे शास्त्रीय बारसे करताना त्याला 'दुःखी वृक्ष' असे बिरुद लावून दिले. रात्री फुलून सूर्योदयाबरोबर फुले ढाळणाऱ्या झाडाविषयी त्या हिमप्रदेशातल्या गृहस्थाला वाटलेली करुणा मी समजू शकतो. पण त्याच्या हाती केरसुणी आली असती तर दुःख नेमके कोणाचे, याविषयी त्याचा गैरसमज झाला नसता. आणि तरीही सांगावे लागते, की आश्विनातल्या एखाद्या पहाटे दार उघडावे, फरशी दवाने भिजलेली असावी, तिच्यावर बहुतेक पालथी पडलेली ती इवली पांढरी फुले आपापले केशरी देठ वर करून असावीत आणि पाऊल कोठे ठेवावे असा पेच पडावा, हा पेच मला प्रिय आहे. दहाच्या उन्हापर्यंत ती मलूल होऊन तपकिरी पडतात, आणि मग त्यांच्या मालकीचा प्रश्न दोन्ही पक्ष दुसऱ्या पहाटेपर्यंत तहकूब ठेवतात.

दोन्ही पक्षांना बाजूला सारणारा तिसरा पक्ष म्हणजे पहाटे फिरायला जाणारी धर्मनिष्ठ मंडळी. एका हातात आकडी लावलेली काठी, दुसऱ्या हातात पिशवी आणि ओठांवर स्तोत्र अशा थाटात ती येतात व कुंपणाबाहेरून जास्वंद, तगर, कण्हेर ओढून घेतात. मुखात देवाचे नाव असल्यामुळे त्यांना हटकणे म्हणजे अनुष्ठानात विघ्न आणणे ठरते. त्यांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी तर एके दिवशी साहेबांना फाटकाशी बोलावून सुनावले, "तुमच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय. काहीतरी फवारा. देवाला वाहायची फुलं आहेत ती!" साहेबांनी त्याच दिवशी फवारा मारला. ज्या माणसाच्या दरडावणीने एके काळी अख्खा तालुका चळचळा कापत असे, तो माणूस ही तंबी कशी निमूट ऐकून घेतो, याचे मला नवल वाटत असे. पण तक्रार लेखी नसली तरी गुणवत्तेवर योग्य होती, एवढेच ते म्हणाले.

कार्तिकातल्या शेवंतीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. साहेबांच्या पश्चिमेच्या वाफ्यातली शेवंती दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे कळ्यांनी भरून येते आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना पुरून उरते. एका वर्षी नगरपालिकेने त्याच बाजूला रस्त्यावर नवा, डोळे दिपविणारा दिवा बसविला, आणि त्या वर्षी शेवंतीने फुलायचे नाकारले. खत झाले, फवारा झाला, समज देऊन झाली. मग साहेबांच्या नजरेस आले की भिंतीच्या कोपऱ्याआड, दिव्याची तिरीप जेथे पोहोचत नाही, तेथले चार-दोन ठोंब मात्र पिवळेधमक फुलले आहेत. याचे कारण असे, की शेवंतीला फुलण्यासाठी ऊन नव्हे, लांब आणि अखंड रात्र हवी असते; दिवसाचे लहानमोठे होणे झाडे ओळखतात आणि त्यावर फुलण्याचा मुहूर्त ठरवितात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी 1920 साली तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावर प्रयोग करून प्रसिद्ध केले. साहेबांनी प्रयोग केला नाही. त्यांनी अर्ज केला. 'सदर दिव्याच्या उजेडामुळे अर्जदाराच्या शेवंतीस रात्र होत नाही, सबब योग्य ती तजवीज होण्यास विनंती आहे,' असा त्याचा मायना होता. नगरपालिकेच्या इतिहासात रस्त्यावर उजेड जास्त असल्याची तक्रार प्रथमच आली असल्यामुळे तेथे ती कोणत्या मेजावर ठेवावी हेच कोणाला कळेना, आणि अर्ज बरेच दिवस पाणीपुरवठ्यापासून जन्ममृत्यू नोंदणीपर्यंत हिंडत राहिला. अखेरीस साहेबांनी संध्याकाळी वाफ्यावर जुने कांबळे पांघरण्याची व्यवस्था केली. शेवंती फुलली, शेऱ्यात मात्र 'सवलत देऊन' असे शब्द आहेत.

अशा रीतीने ही बाग आपल्या गतीने चालली असता, मागल्या ज्येष्ठात साहेबांचा पुतण्या मुक्कामाला आला. हा मुलगा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवितो, आणि आपल्या मातीत आपलीच झाडे असावीत, परदेशी झाडांना थारा देऊ नये, अशा मताचा आहे. मत स्तुत्य आहे. देशी झाडांवर देशी फुलपाखरे आणि पाखरे जगतात, परक्या घाणेरीने सह्याद्रीचे उतार व्यापून टाकले आहेत, या त्याच्या म्हणण्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण त्याने ती वही पाहिली, 'मूळ गाव' हा रकाना पाहिला आणि "काका, हा रकाना सगळा चुकीचा आहे," असे उद्गार काढले. साहेबांच्या दप्तराला जन्मात कोणी चुकीचे म्हटले नव्हते. तिथल्या तिथे फेरचौकशीचा हुकूम झाला.

पेशवाईच्या काळात गावच्या जमिनी कसणाऱ्यांत दोन जाती असत: पिढीजात हक्काचा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. साहेबांनी वहीत हेच दोन नवे रकाने आखले, पुतण्या झाडामागून झाड पुकारू लागला आणि मी हद्दीवरचा साक्षीदार म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो. आरंभ बरा झाला. तुळस, मोगरा, जाई, प्राजक्त, सोनचाफा, तेरडा, अबोली ही मंडळी मिरासदारांत दाखल झाली. मग झेंडूची पाळी आली. "मेक्सिको," पुतण्या म्हणाला. दसऱ्याचे तोरण, खंडेनवमीची शस्त्रे, गाडीच्या पुढल्या जाळीवरची माळ हे सारे ज्याच्यावाचून आपल्याला सुचत नाही, तो झेंडू 1492 नंतर, कोलंबसाने वाट दाखविल्यावर, पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून या किनाऱ्याला लागलेला; म्हणजे ज्ञानेश्वरांच्या वाणीत मोगरा आहे, पण त्यांनी झेंडूचे तोरण पाहिले असणे शक्य नाही. निशिगंध? मेक्सिको. देवळापुढचा देवचाफा, ज्याच्या नावातच देव आहे? तोही तिकडचाच. गुलबाक्षी पेरूची, रातराणी वेस्ट इंडीजची, सदाफुली मादागास्करची, शेवंती आणि अनंत चीनकडचे. बोगनवेल फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिलच्या जगप्रदक्षिणेत त्याच्या पथकातल्या कॉमर्सन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्राझीलच्या किनाऱ्यावर सापडलेली. जास्वंदीच्या शास्त्रीय नावात चीन बसलेला. कर्दळीच्या शास्त्रीय नावात तर 'इंडिका' असल्यामुळे साहेबांनी उत्साहाने लेखणी मिरासदारांच्या रकान्यावर टेकविली होती, पण पुतण्याने सांगितले की नाव ठेवणाऱ्याची भूल झाली, बाई मूळची अमेरिकेची. "खोटा दाखला!" साहेब उद्गारले. मला वाटते, त्या दिवशी त्यांना सगळ्यांत लागले असेल ते कर्दळीचे हे वर्तन.

फेरचौकशी पुरी झाली तेव्हा बागेतल्या रोजच्या फुलपुडीचा बराच मोठा वाटा उपऱ्यांच्या खाती निघाला. साहेब बराच वेळ रकान्यांकडे पाहत बसले आणि मग म्हणाले, "उपरी म्हण, काही म्हण. जमीन पडीक ठेवत नाहीत." यात मिरासदारांना टोला होता, आणि तो अगदीच अस्थानी नव्हता. सोनचाफा आपल्या मर्जीने फुलतो. अबोलीला वास नाही. तेरडा चार महिने दर्शन देऊन आठ महिने बेपत्ता असतो. आणि सदाफुली, जिला कोणी पाणी घालीत नाही, जी भिंतीच्या भेगेतही उगवते आणि जिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचे औषध निघते, ती बारा महिने हजर.

पुतण्या स्वस्थ बसणारा नव्हता. त्याने देशी झाडांची दरखास्त मांडली. प्रथम सीताअशोक. साहेब म्हणाले, अशोक आमच्या फाटकाशी आहेच. तेव्हा पुतण्याने समजाविले की बंगल्याबंगल्यापुढे पहारेकऱ्यासारखा सरळसोट उभा असतो तो आसुपालव, अशोक नव्हे. हे मला तत्काळ पटले, कारण त्याच्याखाली सीतामाईने दिवस काढणे सोडाच, आमचा पोस्टमन पत्रे चाळण्यापुरता उभा राहतो त्यालाही पुरेशी सावली मिळत नाही. त्यानंतर बकुळ. मामलेदारीणबाईंचा बकुळीवर फार जीव. तिच्या सुकलेल्या फुलांचाही वास जात नाही म्हणून माहेरचा एक गजरा त्यांनी अजून शालूच्या घडीत जपला आहे. पण बीपासून लावलेली बकुळ फुलायला अनेक वर्षे घेते असे कळल्यावर साहेब म्हणाले, "लाव. पहिल्या फुलाला मी हजर असेन, अशी हमी मात्र कोणी मागू नये." बकूळ लागली. तामण लागला; महाराष्ट्राचे राज्यपुष्प बागेत असणे हे निवृत्त सरकारी नोकराला शोभूनही दिसते. मग पुतण्याने पिशवीतून नांगराच्या आकाराचा एक कंद बाहेर काढला. कळलावी. पावसाळ्यात हिच्या वेलाला ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुले येतात, कंद जहाल विषारी आहे, आणि ज्या घरात ही येते तेथे कलह माजतो अशी समजूत आहे. मामलेदारीणबाई म्हणाल्या, ही माझ्या दारात येणार नाही. पुतण्या म्हणाला, काकू, ही अंधश्रद्धा आहे. साहेब म्हणाले, शास्त्राची बाजू ऐकून घ्यायला काय हरकत आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही माझी बाजू कधी ऐकून घेतलीत? येथून पुढे विषय चिपळूणच्या मेहुण्यांपर्यंत, तेथून एका जुन्या बदलीपर्यंत आणि तेथून लग्नातल्या मानपानापर्यंत गेला. कंद तेव्हा अद्याप पुतण्याच्या हातातच होता.

आषाढातल्या एका रात्री ब्रह्मकमळ फुलणार असल्याची वर्दी आळीत गेली. ही बातमी कशी पसरते ते पाहण्यासारखे असते. कळी आठ दिवस आधीपासून मान वर करू लागते, साहेब रोज तिचा पंचनामा करतात, आणि ठरल्या रात्री नऊच्या सुमारास लोक आंघोळ करून, स्वच्छ कपडे नेसून, निरांजने घेऊन, एरवी ज्यांच्याशी पाण्याच्या पाळीवरून बोलणे बंद असते त्यांच्याही शेजारी सतरंजीवर येऊन बसतात. कॉफी फिरते. कळी आपल्या सवडीने उलगडते. बाहेरच्या गुलाबी दोऱ्यासारख्या पाकळ्या मागे वळतात, आतला पांढरा पेला इतक्या सावकाश उघडतो की हालचाल दिसत नाही आणि दर वेळी पाहावे तो थोडा अधिक उघडलेला असतो. आणि अकराच्या पुढे, वितीएवढे फूल पूर्ण उमलते तेव्हा त्याच्या वासाने अंगण भरून जाते.

याच घटकेला पुतण्याने घसा साफ केला. खरे ब्रह्मकमळ, तो म्हणाला, हिमालयात बारा हजार फुटांच्या आसपास आणि त्याहून वर होते. ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे, आणि वंशावळ पाहू गेल्यास ते झेंडू-शेवंतीच्या गोत्रातले आहे. समोर कुंडीत आहे ते मेक्सिकोकडचे निवडुंग. ते कमळ नव्हे, ब्रह्मदेवाशी त्याचा संबंध नाही, फार काय, ज्याला आपण त्याचे पान म्हणतो आणि ज्याच्या कडेला हे फूल लागले आहे ते पानदेखील नव्हे, ते चपटे झालेले खोड आहे.

सतरंजीवर शांतता पसरली. कोणी कॉफीचा पेला खाली ठेवला. साहेबांनी वहीसाठी हात पुढे केला, आणि आता कोणता शेरा पडतो या विवंचनेत आम्ही असताना मामलेदारीणबाई निरांजन घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "इतक्या लांबून आलंय, सकाळपर्यंत तरी टिकतंय का कोण जाणे. आधी ओवाळून घेऊ." आरती झाली. आरतीत पुतण्याचाही आवाज होता. तो चांगला गातो.

साहेबांनी त्या रात्री लिहिलेली नोंद मी दुसऱ्या दिवशी पाहिली. नाव: ब्रह्मकमळ, उर्फ निवडुंग. मूळ गाव: मेक्सिको. प्रकार: उपरी. शेरा: मिरासीची शिफारस. त्याखाली, फूल पाहून गेलेल्या मंडळींनी लावण्यासाठी एकेक पान मागितल्यामुळे, आणि झाडाला पाने असतात थोडी व मागणारे फार, साहेबांनी अर्ज मागवून क्रमवारी लावली होती. यादीत पहिले नाव पुतण्याच्या मातोश्रींचे होते. त्या नागपूरला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांना झाडांची आवड असल्याचे आजवर कोणी ऐकलेले नाही, आणि अर्जावरील अक्षर पुतण्याचे आहे. हा व्यवहार बेनामी असल्याचा साहेबांना दाट संशय आहे. पण पान त्यांनी ओल्या कागदात गुंडाळून, पोच घेऊन, त्याच्या हवाली केले.